जिवाणी

आमच्या घरात एकही मासा नाही, हे आधी सांगून टाकते. कारण मंदिरात भेटणाऱ्या बायका हमखास विचारतात, "तुमच्याकडे मासळीची मोठी पेटी आहे म्हणे?" मोठी नाही आणि मासळीचीही नाही. हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद काचेची टाकी आहे, तिच्यात साधारण ८० लिटर खारं पाणी. त्या पाण्यात एक कोळंबी, चार गोगलगायी, शंखात राहणारा एक खेकडा, आणि दगडांना धरून बसलेली प्रवाळं. अंबरपेठेहून समुद्र गाठायचा तर तीनशे-साडेतीनशे किलोमीटर जावं लागतं. आमच्या जवळ आहे ती मुसी, आणि तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

टाकी मुलाची. २०२१ मध्ये घरी बसून नोकरी करत होता तेव्हा त्याने ती उभी केली, आणि वर्षभराने पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "आई, दुकानवाल्याला देऊन टाक सगळं, तो नेईल." दुकानवाला नेईल आणि दुसऱ्या दिवशी विकेल, हे मला कळत होतं. सासूबाई त्या वेळी ८१ वर्षांच्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आणायला नको होतं. आणलंय ना, मग आता बघा." त्यांच्या त्या 'बघा'मध्ये कोणी बघायचं ते ठरलेलंच होतं. घरात 'बघा' म्हटलं की ती मीच असते.

मी बी.ए. झाले मराठी आणि इतिहास घेऊन. अमोनिया, नायट्राइट, अल्कलिनिटी हे शब्द वयाच्या बावन्नाव्या वर्षी शिकले. पण शिकताना लक्षात आलं की यातलं अर्धं स्वयंपाकघरातलंच आहे, फक्त नावं वेगळी. नवी टाकी भरली की लगेच जीव सोडायचे नसतात. जनावरांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो आणि तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सोसवतं. हे जिवाणू दगडांवर, वाळूवर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. विरजण लागल्याशिवाय दही हलवू नये, तसंच हे. घाई केली की पाणी नासतं.

आता पाण्याचं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपलं खायचं मीठ हा त्यातला मोठा हिस्सा, पण सगळा नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम हेही लागतं. म्हणून टाकीचं मीठ वेगळं मिळतं, स्वयंपाकाचं चालत नाही. दर रविवारी मी आठ लिटर जुनं पाणी काढते आणि आठ लिटर नवं घालते. नवं पाणी आर.ओ.चं, त्यात जवळजवळ तीनशे ग्रॅम मीठ, आदल्या रात्री विरघळवून ठेवलेलं. माझं माहेर सांगलीचं. २००४ पासून नागार्जुनसागरहून कृष्णेचं पाणी हैदराबादेत येतं. म्हणजे माहेरच्या घाटाखालून गेलेलं पाणी, क्लोरिनचा वास घेऊन, आमच्या नळात. त्याला आर.ओ.तून काढायचं, मीठ घालायचं आणि समुद्र म्हणायचं! आर.ओ. जे पाणी टाकतं ते मी फरशी पुसायला वापरते. तेवढंही वाया घालवायला मला जमत नाही.

पण रविवारच्या पाण्यापेक्षा महत्त्वाचं काम रोजचं आहे. पाणी उडतं, मीठ उडत नाही. एप्रिल-मे महिन्यात टाकीवर छोटा पंखा लावावा लागतो, कारण पाण्याची वाफ होताना ते दोन-तीन अंशांनी थंड होतं, आपला माठ थंड होतो तसं. त्या दिवसांत रोज एक-दीड लिटर पाणी कमी होतं. चार दिवस कोणी लक्ष दिलं नाही तर पाच लिटर गेलं, आणि ३५ चं ३७-३८ झालं. आपल्याला वाटेल, दोन-तीनने काय होतं? आपल्या शरीराला मूत्रपिंड आहे. मीठ जास्त झालं तर आपण पाणी पितो आणि शरीर हिशेब जुळवून घेतं. गोगलगाय, तारामासा, प्रवाळ यांच्याकडे ही सोय नाही. बाहेर जेवढं खारं तेवढंच ते आतून खारं. समुद्र एवढा मोठा की त्याची चव एका दिवसात बदलत नाही, म्हणून त्यांना ही सोय कधी लागलीच नसावी. आता ते ८० लिटरमध्ये आहेत आणि त्यांच्यासाठी समुद्राचं मोठेपण कोणीतरी रोज सकाळी लोटाभर गोड्या पाण्याने भरून काढायचं आहे. लोटा लिहिलं खरं, पण प्लास्टिकचा मग. का ते पुढे सांगते.

गावाला जाताना मी नवऱ्याला टाकीच्या काचेवर चिकटवलेली पट्टी दाखवते: पाणी इथपर्यंत. खारं नाही, गोडं घालायचं. तीन वर्षांत सत्तर वेळा सांगितलं असेल.

"तांब्याचं पाणी आरोग्याला चांगलं" हे आपल्याकडे घरोघरी. आमच्याकडेही रात्रभर तांब्याच्या कळशीत पाणी असतं. ते पाणी टाकीत एक पेलाभरसुद्धा जाता कामा नये. तांबं अगदी किंचित असलं तरी या बिनकण्याच्या जिवांना ते विष आहे. माशांच्या काही औषधांत मुद्दाम तांबं असतं, कारण त्याने माशांच्या अंगावरचे परजीवी मरतात. तेच औषध कोळंबीच्या टाकीत घातलं की परजीवी आणि कोळंबी दोघंही जातात. तीच गोष्ट डास मारायच्या औषधांची. कीटक आणि कोळंबी नात्यातले. जे डासाला मारतं ते कोळंबीलाही मारतं. आमच्या घरात फवारे, खडू, वड्या पूर्वीपासून नाहीत. खिडक्यांना जाळ्या आणि रात्री मच्छरदाणी. मुसीकाठी राहून हे निभावणं म्हणजे तपश्चर्याच. पण डासांसाठी पाळलेला नियम कोळंबीला उपयोगी पडला. गल्लीत धुराची गाडी आली की मी खिडक्या लावते, टाकीवर ओली चादर टाकते आणि हवेचा पंप थोडा वेळ बंद ठेवते, नाहीतर तोच धूर पाण्यात खेचला जातो.

गोगलगायींचं एक काम आहे. त्या काचेवर चढतात, कधी सुटून वाळूत पाठीवर पडतात, आणि काहींना उलटं होता येत नाही. तशाच राहिल्या तर मरतात. आणि लहान टाकीत एक मेलेली गोगलगाय म्हणजे सगळ्यांच्या पाण्यात अमोनिया. सकाळी दिवा लावून झाला की मी हात नुसत्या पाण्याने कोपरापर्यंत धुते, साबण नाही, क्रीम नाही, आणि कोणी पडलंय का बघते. खेकड्यासाठी मेलेल्या गोगलगायींचे रिकामे शंख ठेवून दिलेत. तो वाढला की मोठं घर शोधतो, आणि रिकामं नसेल तर भरलेलं रिकामं करतो. माझ्याकडे आजीच्या सारीपाटाच्या कवड्या होत्या, त्या देऊन पाहाव्यात असं मनात आलं. पण कवडीचं तोंड चिरेसारखं अरुंद, त्याला ती उपयोगाची नाही.

पाठशाळेत आपण एकेंद्रिय, द्वींद्रिय घोकलेलं असतं. शंख, शिंपली, कवडी हे दोन इंद्रियांचे, हे कोणीही सांगेल. प्रवाळाचं मात्र आपल्या ग्रंथांत वेगळं आहे. तिथे प्रवाळ पृथ्वीकायात, म्हणजे रत्नं, माती, खडे यांच्या पंक्तीत. युरोपातले विद्वान अठराव्या शतकापर्यंत प्रवाळाला वनस्पती समजत होते, मग त्यांना तो प्राणी आहे हे पटलं. आपल्याकडे त्याला जीव मानलेलं होतं, पण जागा दगडाची दिलेली. मला टाकीसमोर बसल्यावर दोन्ही बरोबर वाटतं. बोटाएवढ्या तोंडाभोवती बारीक हात पसरलेला हा प्राणी दिवसा उजेड खातो, कारण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते त्याच्यासाठी शिजवतं. आणि समुद्रातले त्याचे भाऊबंद खरोखरच दगड बांधतात. इथल्या तेलुगू बायकांच्या मंगळसूत्रात लाल पगडं असतं, आपण त्याला पोवळं म्हणतो. मोत्यांच्या या शहरात ते रोज तोळ्यावर विकलं जातं. शिंपलं आणि पोवळं जिवंत पाहिलेलं माणूस मात्र शंभरात एक सापडणार नाही.

आमच्या टाकीत दगड बांधणारी प्रवाळं नाहीत, आणि तुम्ही कोणी हौस करणार असाल तर हे नीट ऐका. २००१ पासून भारतात दगडी सांगाड्याची सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे वाघासारखेच वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्री काकडी आणि समुद्री घोडेसुद्धा. जिवंत काय, मेलेलं प्रवाळ शोभेला विकणं हाही गुन्हा. म्हणून आमच्याकडचे खडक कृत्रिम आहेत, आणि त्यांवर तीन मऊ प्रकार: एक चामड्यासारखं, एक झोअँथिड नावाचं फुलाफुलांचं, आणि एक ज्याला दुकानवाले मश्रूम म्हणतात. आळंबी आम्ही ताटात घेत नाही आणि दिवाणखान्यात पाळतो, यावर नणंद अजून हसते. झोअँथिडला मी हातमोज्याशिवाय हात लावत नाही. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. परदेशात काही घरांत असले दगड साफ करायला उकळत्या पाण्यात टाकले आणि त्या वाफेने घरातली माणसं दवाखान्यात गेली.

चुन्याची निवळी आपल्या आज्यांना माहीत होती. तीच निवळी प्रवाळ पाळणारे जगभर वापरतात, कारण सांगाड्याला, शंखाला, दगडावरच्या गुलाबी थराला कॅल्शियम लागतं. आम्हाला थोडीशीच लागते. पानाचा चुना नाही, प्रयोगशाळेचा शुद्ध. रात्री थेंबथेंब, कारण निवळी तिखट असते, आणि रात्री उजेड नसल्याने पाणी किंचित आम्लाकडे झुकतं, ते तिने सावरतं. चामड्या प्रवाळाबद्दल एक सांगते. तो महिन्या-दोन महिन्यांनी मिटून घेतो, अंगावर मेणासारखा पापुद्रा येतो, आठवडाभर मेल्यासारखा दिसतो. त्या दिवसांत काहीही करायचं नसतं. पापुद्रा झडतो आणि तो पुन्हा उघडतो. काही न करणं हे मला सगळ्यांत अवघड गेलं.

आता जे सांगणं मी टाळत होते ते. कोळंबी काय खाते?

शैवालाची पानं खाते, पण तेवढ्यावर जगत नाही. तिच्या खाण्यात मासळीची भुकटी असते. त्याची डबी आमच्या घरात आहे. स्वयंपाकघरात नाही, मुलाच्या खोलीत, वेगळ्या कपाटात, वेगळ्या चिमट्यासह. पहिल्या महिन्यात ती डबी उघडताना मला उमासा यायचा. अष्टमी-चतुर्दशीला मी तिला काही देत नाही, आणि एका दिवसाने तिचं काही बिघडत नाही, उलट पाणी स्वच्छ राहतं. पण मी देत नाही ते माझ्यासाठी, तिच्यासाठी नाही, हे मला माहीत आहे. चातुर्मासात एका माताजींना मी विचारलं. त्यांनी आधी विचारलं, "नवे जीव आणणं बंद केलं का?" केलं होतं. मग म्हणाल्या, "आहेत त्यांचं आयुष्य पूर्ण होऊ द्या." डबीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही.

कोळंब्या आधी दोन होत्या. लाल पाठीवर पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा. मुलगा सांगायचा, समुद्रात मोठे मासे रांगेत उभे राहतात आणि या त्यांच्या तोंडात शिरून अंग साफ करतात. या जातीत प्रत्येक मोठी कोळंबी नरही असते आणि मादीही. त्यामुळे दोघींच्याही पोटाखाली हिरवट अंड्यांचे घोस, आलटून पालटून, दर पंधरा दिवसांनी. अंधार झाल्यावर ती फुटायची. टॉर्च लावला की उजेडात शेकडो ठिपके नाचताना दिसायचे. सकाळी एकही नसायचा. काही पंपात गेलेले, काही प्रवाळाने खाल्लेले. त्या रात्री मी पंप बंद ठेवून पाहिला. तरी जगत नाहीत. ती पिल्लं वाढायला कित्येक आठवडे लागतात, वेगळं पाणी, वेगळं जिवंत खाणं, मोठमोठ्या संस्थांनाही ते सहज जमत नाही. मग काय करायचं? मध्ये काच घालून दोघींना वेगळं करायचं? नवरा म्हणाला, "आता कोळंबीलाही ब्रह्मचर्याचं व्रत देणार का?" मी हसले, पण काच घालायचा विचार दोन महिने डोक्यात होता. दर पंधरवड्याला शेकडो जीव माझ्या हॉलमध्ये जन्मून रात्रीत जात होते आणि मी शेजारी बसून मालिका बघत होते. समुद्रातही त्यांतले बहुतेक मरतात, हे खरं. पण तिथे माझी भिंत नसते.

गेल्या वर्षी दोघींपैकी एक गेली. वय झालं होतं. कात टाकल्यावर उठलीच नाही. (कात नेमकी मेलेल्या कोळंबीसारखी दिसते, त्यामुळे मी अर्धा दिवस दुसरी कुठे दिसते का शोधत होते.) आता उरलेलीला अंडी येतात पण ती पोकळ, काही दिवसांनी गळून पडतात. मला सुटल्यासारखं वाटलं आणि ते वाटलं म्हणून वाईटही वाटलं. ती आता खडकाच्या त्याच कपारीत बसते, एका बाजूला सरकून, दुसरीची जागा मोकळी ठेवून. निदान मला तसं दिसतं.

"समुद्रात सोडून का देत नाही?" हे सगळे विचारतात. आपल्याकडे पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव, म्हणजे जिवाणी, परत सोडतात. पण कुठे? ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत. आजी दुसऱ्या आडात जिवाणी टाकू द्यायची नाही, मग कितीही लांब जावं लागो. आमचे जीव कुठल्या समुद्रातून आले ते दुकानवाल्यालाही ठाऊक नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ मध्ये लायनफिश पहिल्यांदा दिसला. तो मूळचा आपल्या बाजूच्या महासागरांतला. पाळणाऱ्यांनी दयेने सोडलेल्या माशांतून तो तिथे पसरला असं मानतात, आणि आज तो तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतोय. आजीला लायनफिश माहीत नव्हता.

रविवारी काढलेलं आठ लिटर पाणी मीही दुहेरी कापडातून गाळते. कापडावर पांढरे कण राहतात आणि नीट पाहिलं तर ते उड्या मारतात. ते परत टाकीत. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, ते प्रवाळाचं खाणंच आहे, चांगलं करतेस." म्हणजे मी त्यांना वाचवलं की वाढलं?

दोन वर्षांपूर्वी मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली खरी प्रवाळं आहेत. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं, २९ चौरस किलोमीटरचं. लोक पाण्यात उतरून पाहतात. मी होडीतच बसले, पाय लागेल या भीतीने. नांगर आणि पाय यांनी तिथलं प्रवाळ मोडतं, हे होडीवाल्यानेच सांगितलं. मुंबईत किनारी रस्ता बांधताना २०२० मध्ये वरळी-हाजीअलीच्या खडकांवरच्या १८ वसाहती शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडे बसवल्या. वाचलं तेव्हा वाटलं, एवढ्या मोठ्या शहराने एवढ्याशा जिवांसाठी थांबणं हेही थोडं नाही. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये बातमी आली की जगभर प्रवाळ पांढरं पडतंय, लक्षद्वीपलाही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंश जास्त काही आठवडे तापलं की ते अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि उपाशी राहतं. त्या महिन्यात माझ्या टाकीत २६ अंश होते. पंखा, पडदे, वीज गेली की इन्व्हर्टर. ८० लिटरला हे करता येतं.

प्रवाळ मात्र वाढतं, त्याला माझा नियम लागू नाही. पाळणारे लोक ब्लेडने त्याचे तुकडे करतात आणि वाटतात. माझ्याने ते होणार नाही. मी मश्रूमच्या शेजारी छोटे गोटे ठेवते. ते आपणहून सरकतं, पाच-सहा महिन्यांत गोट्यावर एक पिल्लू बसतं, आणि मग गोटाच उचलता येतो. असे दोन दिले आतापर्यंत. ज्याने नेलं त्याला दुकानातून घ्यावं लागत नाही.

परवा समोरच्या इमारतीतला मुलगा आला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हातात झाकणाची बादली. "आंटी, एक मश्रूम मिलेगा क्या?" टाकी किती दिवसांची, मीठ किती, मीठ मोजायचं यंत्र आहे का, सगळं विचारलं. उत्तरं बरोबर होती. गोटा उचलला, बादलीत ठेवणार एवढ्यात आठवलं म्हणून विचारलं, घरी पाणी कशात भरून ठेवता?

"तांबे के घडे में," तो म्हणाला. "क्यूं आंटी?"

मी गोटा परत टाकीत ठेवला आणि त्याला बसायला सांगितलं.